कन्या विवाहित

निवेंडकरांचा कुलवृत्तांत कॉम्प्युटरवर घ्यायचं राजाभाऊकाकांनी ठरवलं ते सत्त्याण्णव साली. राजाभाऊकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. दिल्लीतल्या एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडलं आणि नोएडाला, सरकारी नोकरांच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. इमारतीत लिफ्टसाठी जागा होती, लिफ्ट नव्हती. घरात आलेली पहिली नवी वस्तू म्हणजे कॉम्प्युटर. त्यावर काकूंनी विणलेलं क्रोशाचं कव्हर असायचं आणि ते काढून घडी घातल्याशिवाय काका यंत्र सुरू करत नसत.

त्यांच्या आजोबांनी सुरू केलेल्या नऊ वह्या होत्या. चौदा पिढ्या, चारशे बारा पुरुष. काकांनी त्या चारशे बारा जणांना रकान्यांत बसवलं : नाव, जन्म, मुंज, शिक्षण, हुद्दा, पत्नीचं नाव, मृत्यू आणि त्याचं कारण. मुलींसाठी एकच ओळ असे. नाव, आणि पुढे ‘विवाहित’. त्यांची मुलं दुसऱ्या कुळाची, ती त्या कुळाच्या पुस्तकात जातील, असा हिशेब होता आणि तो सगळ्याच घराण्यांनी पाळला असल्यामुळे त्यात अन्याय आहे असं कोणाला वाटत नसे. मुंज होण्याआधी जे मुलगे गेले त्यांना ओळ नव्हती. मी एकदा विचारलं तेव्हा काका म्हणाले, मुंज झाली नसेल तर सुतकसुद्धा तीनच दिवसांचं, मग पुस्तकात जागा कशी द्यायची?

मी एका इस्पितळाच्या आनुवंशिकी विभागात काम करते. म्हणून काकांनी माझ्याकडे दोन पानं मागितली, ‘आपलं कूळ : विज्ञानाच्या नजरेतून’. पुस्तकातल्या मृत्यूच्या कारणांवरून आपल्या घराण्यात एकही आनुवंशिक आजार नाही हे स्पष्ट दिसतं, तेवढं शास्त्रीय भाषेत मांडायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी कारणं वाचली. वार्धक्य, हृदयविकार, पटकी, पानिपत आणि एक वाघ. मी म्हटलं, हे मला लिहिता येणार नाही. त्याऐवजी पेशीतल्या माहितीबद्दल साधंसं काहीतरी लिहून दिलं. प्रत्येक पेशीत तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असतो, त्यातली शंभरातली दोन-तीनच अक्षरं शरीराची प्रथिनं बनवायला लागतात, उरलेल्या मजकुराला शास्त्रज्ञ गमतीने रद्दी म्हणतात. त्या वर्षांत सगळेच असं लिहीत. काकांना ते फार आवडलं. त्यांनी ती पानं महाराष्ट्र मंडळात वाचूनही दाखवली.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये इशिता माझ्या विभागात आली. काकांची थोरली बहीण वारली होती. तिची मुलगी नीला, नीलाची मुलगी इशिता. म्हणजे नात्याने मी तिची मामी. वय सत्तावीस, नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवऱ्याचं अमेरिकेचं घाटत होतं. तिथे दोन हजार साल उजाडण्याआधी सगळ्या कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करून हव्या होत्या आणि त्यासाठी माणसं भरभरून चालली होती. सासूबाई पुण्याहून येऊन सहा महिने राहिल्या होत्या आणि दर महिन्याला काही विचारत नसत. नुसत्या कॅलेंडरकडे बघत.

इशिताला मूल हवं होतं. पण तिचा भाऊ मानस चार वर्षांचा असताना गेला होता. घराच्या पायरीवरून पडला, डोक्यात रक्त साठलं, ते थांबलं नाही. चौऱ्याहत्तर साली त्याला पडण्यामुळे आलेला मृत्यू म्हणाले. नीलाने त्याचा फोटो कपाटात ठेवला आणि विषय संपवला. मग एका डॉक्टर मैत्रिणीने इशिताला सहज विचारलं, त्याला आधीही असं रक्त यायचं का? दात आला तेव्हा? गुडघे सुजायचे का? इशिताने आईला विचारलं, आणि नीलाने चोवीस वर्षांनी पहिल्यांदा उत्तर दिलं. हो.

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, मुलग्यांना होतो आणि मुलींमधून पुढे जातो. मुलग्याकडे एक्स गुणसूत्र एकच, मुलीकडे दोन. एकात दोष असला तर दुसरं सांभाळून घेतं. तिला काही होत नाही, पण तिच्या निम्म्या मुलग्यांना होऊ शकतं. मी इशिताच्या रक्तात गोठवणारा घटक किती आहे ते मोजलं. आकडा नेमका मधे आला. असा आकडा निर्दोष बाईचाही असतो आणि वाहक बाईचाही.

“आता?” ती म्हणाली.

मी तिला समजावलं. नीलाकडे दोन एक्स. एक सदोष, एक चांगलं. त्यातलं एक इशिताला मिळालं. दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याइतकी साधनं आमच्याकडे नाहीत, पण त्याच्या शेजारच्या काही खुणा आम्ही वाचू शकतो. दोन एक्सवरच्या खुणा बहुतेक वेळा वेगवेगळ्या असतात. मात्र खूण स्वतः काही सांगत नाही. ज्याला आपण सदोष म्हणतो त्या एक्सवर कोणती खूण आहे, हे कळायला त्याच रक्ताचा, हा आजार असलेला एक जिवंत पुरुष लागतो. त्याच्याशी ताडून पाहिलं तरच.

“म्हणजे दोन फाइल्स आहेत, एक करप्ट,” इशिता म्हणाली, “आणि कुठली ते चेक करायला मला तिसरी करप्ट फाइल शोधून आणायची.”

“आजार असलेला माणूस.”

“तेच यार मामी. कुठे मिळेल?”

आजार नीलाकडे तिच्या आईकडून आला असावा. नीलाला सख्खं भावंड नव्हतं. नीलाच्या आईला, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीला, एक धाकटी बहीण होती एवढं मी ऐकून होते. तिच्या वंशात कोणी असलं तर ते नेमकं उपयोगाचं. मी कुलवृत्तांताचं छापलेलं प्रूफ उघडलं. ‘कन्या विनया. विवाहित.’ कोणत्या घरात, कोणत्या गावी, सासरचं नाव काय, काही नाही. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून जुनं नाव कोणी हाक मारायला वापरत नाही. विनया नावाची बाई पन्नासच्या सुमारास त्या ताटापर्यंत येऊन संपली होती.

मी काकांकडे गेले आणि मूळ वह्या मागितल्या. त्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरात मुलींची लग्नं, सासरची घराणी, बाळंतपणं असं बरंच काही समासात लिहिलेलं होतं हे मी स्वतः पाहिलं होतं.

“वह्या दिल्या,” काका म्हणाले.

“कोणाला?”

“कबाडीला. दिवाळीच्या आधी. सगळं मशीनमध्ये घेतलं, मग एवढं बाड कशाला सांभाळायचं? जागा आहे का इथे?” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “तूच लिहिलंस की. कामाचं तेवढं दोन टक्के, बाकी रद्दी. मी कामाचं उतरवून घेतलं.”

मला त्यांना सांगायचं होतं की ज्या खुणांवर माझी सगळी तपासणी चालते, त्या त्याच अठ्ठ्याण्णव टक्क्यांत असतात. पण ते मी माझ्या दोन पानांत लिहिलं नव्हतं. मी चहा प्यायले.

विनयाबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, संबंध राहिले नाहीत, काही माहीत नाही. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चकल्यांचा डबा पुढे केला. इशिताला हे सांगितलं तर ती फोनवर पाच मिनिटं बोलत होती. सख्खी बहीण, आणि माहीत नाही? माहीत आहे, सांगायचं नाही. आजीला माहीत असेल, आईला माहीत होतं, सगळ्यांना थोडं थोडं माहीत होतं आणि प्रत्येकाने आपला तुकडा गिळून टाकला. असली माहिती दडपणं हा गुन्हा धरायला हवा, बिल्कुल क्रिमिनल, असं ती म्हणाली. मला ते पटलं.

फाइलसाठी मी वंशाचा आराखडा काढला होता. आमच्या पद्धतीत बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आजारी असेल तर भरीव, गेलेला असेल तर त्यावर तिरपी रेघ. एका रविवारी काका आमच्याकडे प्रूफं घेऊन आले तेव्हा तो कागद जेवणाच्या टेबलावर होता. वंशावळ दिसली आणि काकांनी ती वाचली नाही असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी चष्मा बदलला, खिशातलं लाल पेन काढलं.

सगळ्यात वर पार्वती, त्यांची आई, गोल. खाली माझे सासरे आणि ते स्वतः, रिकामे चौकोन. शेजारी दोन गोल, थोरली आणि विनया. थोरलीखाली नीला, नीलाखाली इशिता आणि एक छोटा काळा चौकोन, रेघ मारलेला. विनयाखाली काही नव्हतं, प्रश्नचिन्ह होतं. त्यांनी आधी विचारलं की बायकांना गोल का. मी म्हटलं, पद्धत आहे. मग ते बराच वेळ विनयाच्या गोलाकडे बघत राहिले. लाल पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं.

“ही चूक आहे,” ते म्हणाले. “इथे एक राहिला.”

त्यांनी विनयाच्या गोलाखाली एक रेघ ओढली, एक लहान चौकोन काढला आणि त्यावर व्यवस्थित तिरपी रेघ मारली. मंत्रालयात त्यांच्या हाताखालून एकही चुकीचं परिपत्रक गेलं नव्हतं असं ते नेहमी सांगत. मला वाटतं, बहीण विसरणं त्यांना जमलं होतं, पण चुकलेला तक्ता पुढे पाठवणं जमलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. एक्कावन्न सालची गोष्ट. विनया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, गोल मार्केटजवळच्या क्वार्टरमध्ये. मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं, त्याच सकाळी कान टोचायचे. सोनाराने सोन्याची तार घातली. रक्त यायला लागलं ते थांबेना. हळद लावली, तुरटी लावली, डॉक्टर आणले. चौथ्या दिवशी बाळ गेलं. सासरची माणसं ग्वाल्हेरहून आली, माहेरच्या घराला नावं ठेवून मुलीला घेऊन गेली. तेव्हापासून येणं-जाणं बंद.

“सोनार मी आणला होता,” काका म्हणाले. “करोल बागेतून. आमचा नेहमीचा आजारी होता, म्हणून दुसरा पाहिला. त्याच्या तारेला काहीतरी असणार. सत्तेचाळीस वर्षं मी—”

मी त्यांना सांगितलं की तारेला काही नव्हतं. सोनार कोणताही आणला असता तरी तेच झालं असतं. दोष रक्तातच होता, आईकडून मुलाला आलेला, आणि त्या आईला तिच्या आईकडून. मी हळूहळू, दोनदा सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. डोळे पुसले. मग सरळ बसले.

“आईकडून म्हणजे? निवेंडकरांकडून नाही?”

“नाही. तुमच्या आईच्या माहेरून आला असणार.”

“अच्छा,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा पाहता पाहता उजळला. “म्हणजे आपल्या कुळाचा नाहीच तो.”

मी मान डोलावली. शब्दशः खरं होतं. शिवाय त्यांचं पुस्तकही खरं होतं. निरोगी पुरुष हा आजार पुढे देत नाही. कुळात कोणी मुलगा आजारी असलाच तर तो मुंजीआधी गेला असणार, म्हणून पुस्तकात नाही. ज्या मुली तो घेऊन गेल्या त्यांची मुलं दुसऱ्यांची, म्हणून पुस्तकात नाहीत. हा एक आजार गाळून काढायला कोणी मुद्दाम चाळणी बनवली असती तरी इतकी नेमकी बनली नसती.

विनयाचं सासरचं नाव त्यांना पाठ होतं. कल्पना टेंभे. नवरा ग्वाल्हेरचा, पण पंचावन्न-छप्पनपासून फरिदाबादला एका कारखान्यात. मी विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? एकदा मंडळाच्या गणपतीत दिसली होती, ते म्हणाले. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही आरतीकडे वळले. नोएडापासून फरिदाबाद, यमुना ओलांडली की तासाभराची वाट.

पत्ता टेलिफोन डिरेक्टरीत होता. इशिता आणि मी गेलो. कल्पनाबाई चार वर्षांपूर्वी वारल्या होत्या. दार त्यांच्या मुलाने उघडलं, विश्वजित टेंभे, वय अडतीस. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं एसटीडी-फोटोकॉपीचं दुकान. उजवा गुडघा वाकत नव्हता, काठी काउंटरला टेकवलेली होती. मी म्हटलं, विनयाबाईंच्या माहेरची आहे. तो म्हणाला, कोण विनया? आपल्या आईचं हे नाव त्याने पहिल्यांदाच ऐकलं. दोन वेळा स्वतःशी म्हणून पाहिलं. सूट नाही होत, तो म्हणाला, ती कल्पनाच होती.

सगळं ऐकून घेतल्यावर त्याने डोकं वळवून आम्हाला आपले कान दाखवले. टोचलेले नव्हते. आईने त्याला कधी सुई लावू दिली नव्हती, शाळेत लस टोचायला यायचे त्या दिवशी ती त्याला घरी ठेवायची. सगळे तिला वेडी म्हणत. पुढे मोठेपणी आजाराचं नाव कळलं. तोवर त्याच्या आईने नाव माहीत नसताना त्याला अठरा वर्षं जिवंत ठेवलं होतं. त्याची एक ओळही कुठे लिहिलेली नव्हती.

रक्त द्यायला तो लगेच तयार झाला. “आजवर लोकांचं घेत आलो,” तो म्हणाला. “माझं कोणी मागतंय, हे पहिल्यांदाच. या सोमवारी येतो.” इशिता हसली आणि मग रडली. मग त्याने दोघींना फुकट चहा आणि इशिताच्या पासपोर्टच्या चार फोटोकॉप्या दिल्या, कारण पासपोर्ट तिच्या पर्समध्ये होताच आणि लागतील म्हणाला. आम्ही निघताना त्याने सांगितलं की त्याची बहीण बल्लभगढला असते आणि तिला दोन मुली आहेत, मोठीचं लग्न बघताहेत. मी म्हटलं, तिला जरूर पाठवा. तो म्हणाला, लग्नाचं पक्कं होऊ दे आधी.

सोमवारी तो आला. नीला आली, तिने बाही वर केली. इशिता आली. सात आठवडे लागले, त्यातला एक आठवडा वीज नव्हती म्हणून गेला. खुणा वाचायच्या जेलच्या पट्ट्या मी दोनदा चालवल्या, दुसऱ्यांदा सहकाऱ्याकडून वाचून घेतल्या. नीलाच्या दोन एक्सवरच्या खुणा वेगळ्या होत्या, हे आमचं नशीब. त्या सारख्या निघाल्या असत्या तर एवढ्या खटाटोपाचा उपयोग शून्य होता. विश्वजितची खूण नीलाच्या एका एक्सशी जुळली. इशितामध्येही तीच होती.

मी तिला समोर बसवून सांगितलं. ती वाहक आहे. चूक असण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. मुलगा झाला तर निम्मी शक्यता, मुलगी झाली तर तीही वाहक असण्याची निम्मी. दिवस राहिले की अकराव्या आठवड्यात ये, गर्भाची तपासणी करता येते. औषधंही आता पूर्वीसारखी नाहीत, विश्वजितकडे बघ. ती ऐकत होती. तिने मला पट्ट्यांचा फोटो दाखवायला सांगितला. काळ्या रेघांवरून बोट फिरवलं, जसं कोणी आपल्या नावाचं स्पेलिंग तपासतं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “निदान कळलं.”

मग थोड्या वेळाने म्हणाली, “मामी, सासूबाईंना सांगू नकोस हां. कधी बोलण्यात आलं तरी.”

मी म्हटलं, मी कोणालाच सांगत नसते. नवऱ्याला ती सांगणार होतीच. पण त्याचा व्हिसा होऊन जाऊ दे, तिकडे नीट बसू दे, आता टेन्शन नको. नवऱ्याची बहीण डॉक्टर आहे, तिच्या कानावर गेलं तर सगळ्या पुण्याला कळेल. आणि मुलगी झाली तर तिला मोठी झाल्यावर सांगू, चांगल्या शब्दांत. हे सगळं ती अगदी शहाण्यासारखं, मुद्देसूद बोलली. मला कशातच चूक काढता आली नाही. आमच्या फॉर्मवर शेवटी एक प्रश्न असतो, हा अहवाल कुटुंबात आणखी कोणाला कळवायचा. तिने तिथे पट्टीने ओढावी तशी सरळ आडवी रेघ मारली आणि सही केली. मी फाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. नियमच आहे तसा.

त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. आज अहवाल मिळणार हे त्यांना नीलाकडून कळलं होतं. माझा तो तक्ता त्यांनी आपल्यासाठी उतरवून घेतला होता, फरिदाबादहून आल्यावर मी सांगितलेल्या विश्वजित आणि त्याच्या बहिणीसह. पुस्तकात जाणार नव्हता तो, असाच, स्वतःपुरता. कुठल्याशा पाठ्यपुस्तकात त्यांनी वाचलं होतं की वाहक बाईच्या गोलात मधोमध टिंब देतात. थोरलीला दिलं, विनयाला दिलं, आईला दिलं, नीलाला दिलं. आता एकच गोल राहिला होता.

“इशिताच्या गोलात टिंब द्यायचं की नाही, तेवढं सांग.”

“काका, ते मला सांगता येत नाही.”

“तिने नको म्हटलंय?”

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला.

“अच्छा,” काका म्हणाले. “टिंब द्यायचं नसतं, तर पोरीने आज सकाळीच पेढे आणले असते.” जरा थांबून ते म्हणाले, “बरं. मी पेन्सिलीने देतो.”